ढब्बूचं वजन

मी खुर्ची बोलतेय. न्हाव्याच्या दुकानातली, वरखाली करायला पायाशी दांडी आणि मान टेकायला उशी असलेली. सध्या मात्र दुकानासमोरच्या फौजी नाक्यावर, उघड्यावर उभी आहे. आत्ता माझ्यावर एक तरुण बसलाय. त्याला दुधाचे दात होते तेव्हापासून मी ओळखते, आणि त्याचं वजन जुळत नाहीये. म्हणून भराभर सांगते. मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म लोखंड ओतणाऱ्या कारखान्यातला. वर तांबडं रेक्झिन चढवलं आणि मालकाने मला हातगाडीवरून दुकानात आणलं. सगळी गल्ली जमली. त्या दिवशी दाढी करणारे कमी आणि नुसतं बसून बघणारेच जास्त. मालक वैतागून ओरडला, "अरे, खुर्ची आहे, पाळणा नाही!"

माणसं मोठी मजेशीर. रस्त्यात धक्का लागला तर बाह्या सरसावतात, आणि माझ्यावर बसली की डोळे मिटून गळा दुसऱ्याच्या हाती देतात. बायकोपासून लपवलेलं सगळं माझ्या मालकाला सांगून मोकळी होतात. मालकाचा हात जितका शांत, तितकं तोंड बडबडं. पण ऐकलेलं त्याने कधी दुकानाबाहेर नेलं नाही.

लहान मुलांसाठी माझ्या दोन्ही हातांवर एक फळी आडवी टाकत. मालकाच्या मुलाचे पहिले केस त्याच फळीवर कापले. पोर असं गुटगुटीत की फळी करकरली, आणि गल्लीने नाव ठेवलं ढब्बू. पुढे तो काटकुळा झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. गिऱ्हाईक नसलं की तो येऊन माझ्यात बसायचा, गोल फिरायचा आणि बापाच्या शिव्या खायचा. ते वजन माझ्या अंगवळणी पडलं होतं.

मग निष्ठावाले आले. आले म्हणजे काही आभाळातून पडले नाहीत. त्यांच्यातले निम्मे माझ्याच फळीवर बसून रडलेले. त्यांनी फर्मान काढलं की देवाने दिलेल्या दाढीला पोलाद लागता कामा नये. दुकानातला आरसा फडक्याने झाकला. मालक मुकाट्याने फक्त मानेवरचे केस कापू लागला. आणि एक दिवस ढब्बूही त्यांच्यात गेला.

"अरे, तुला त्यातलं काय कळतं?" मालकाने विचारलं.

"तुम्ही मला सांगता, ऊठ, केर काढ," ढब्बू म्हणाला. "ते म्हणाले, आम्हाला तू हवा आहेस."

मालकाने स्वतःच केरसुणी उचलली. मला तेव्हा त्या पोराचा भयंकर राग आला होता. अजूनही येतो.

वर्षभराने निष्ठावाल्यांनी शाळेच्या मास्तरांना चौकात उभं केलं. मुलींना गणित शिकवत होते, हा गुन्हा. चाबूक ढब्बूच्या हातात दिला, कारण तो त्यांचाच विद्यार्थी. ढब्बूने हात उचलला. मास्तरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ढब्बू, जेवलास का रे?"

चाबूक टाकून तो पळत सुटला तो थेट दुकानात. भर दुपारी मालकाने शटर ओढलं. ढब्बू माझ्यात अंग मुडपून बसला आणि त्याने थरथरत सगळं सांगितलं. चौकात मास्तरांना दुसऱ्या कुणीतरी फटके मारलेच. पण निष्ठावाल्यांना हरताना मी आयुष्यात एकदाच पाहिलं, ते त्या दुपारी.

त्याच आठवड्यात फौज आली. रणगाडे आले, बाजाराची एक अख्खी बाजू कोसळली, निष्ठावाले डोंगरात पळाले. जवान भोंग्यावरून ओरडून सांगत होते, जे स्वतःहून येतील त्यांना घरी सोडू. ढब्बू म्हणाला, "बाबा, मी जातो. सगळं खरं सांगतो."

"कशाला सांगायचं?" मालक म्हणाला. "दाढी उतरवली की तू पुन्हा माझा ढब्बू. मावशीकडे जा, महिनाभर राहा, झालं."

आणि त्याने वस्तरा घेतला. इतक्या मायेने त्याने कुणाची दाढी केली नसेल. फेस पुसला तेव्हा मी समोरच्या उघड्या आरशात पाहिलं. कपाळ, गाल उन्हाने रापलेले आणि हनुवटी दुधासारखी पांढरी. उभा जन्म लोकांच्या चेहऱ्यावर हात फिरवणाऱ्या माझ्या मालकाला ते दिसलं नाही. त्याला फक्त पोरगा दिसत होता.

नाक्यावरच्या जवानाला मात्र लगेच दिसलं. दाढी काढून पळणारा म्हणून ढब्बूला उचललं. मी खरंच स्वतःहून येणार होतो, असं तो ओरडत राहिला म्हणे.

नाक्याचे मेजरसाहेब रोज दाढीला माझ्याकडेच यायचे. सरळ माणूस. मालक एक दिवस त्यांच्या गालाला फेस लावता लावता म्हणाला, "साहेब, माझ्या पोराने त्यांना सोडलं होतं हो. फार दाबून वस्तरा फिरवला की केस आत वळतो आणि तिथेच पिकतो. जरा हलक्या हाताने घ्या."

मेजर हसले नाहीत. "काका, मास्तरांना फटके पडले तेव्हा तुमची गल्ली काय करत होती?"

मालक फेस लावत राहिला.

"आम्ही आलो नसतो तर आज त्या चौकात कोण असतं? तुम्हीच सांगा. हातावर हात ठेवून बसायचं का आम्ही?"

मालकाने वस्तरा चामड्यावर घासला. मास्तरांची पाठ मी पाहिली आहे. कुणीतरी यायला हवंच होतं. पण आल्यावर हे असं का व्हावं?

मेजरांनी शब्द टाकला असावा. थंडी सुरू होताना ढब्बू सुटून आला. माझ्यावर बसला, आणि बसलाय हे मला क्षणभर कळलंच नाही, इतका हलका. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, बोटं सरळ होत नव्हती. मालकाने वस्तरा उचलला तसा त्याने हात धरला.

"नको, बाबा. कोठडीत मला पाणी पाजलं ते निष्ठावाल्यांच्या एका म्हाताऱ्याने. बाकी कुणी आलं नाही."

"अरे, मी रोज नाक्यावर..."

"तुम्हीच म्हणालात ना, खरं सांगू नकोस?"

त्यानंतर तो दिसला नाही. त्याच्या आईने मालकाशी बोलणं सोडलं. मेजरांची बदली झाली, दुसरे आले, मग तिसरे. पंधरा दिवसांत डोंगर साफ करतो, हे प्रत्येकाने माझ्यावर बसूनच सांगितलं. तिसऱ्यांनी तर मलाच उचलून नाक्यावर आणलं. मान मागे टेकवता येते, हनुवटीवर ऊन पडतं. रापलेल्या चेहऱ्यात पांढरी हनुवटी दिसली तरच पुढची झडती, नाहीतर जा. दुकानात आता मालक गिऱ्हाइकांना स्टुलावर बसवतो.

आणि आज रांगेत उभा राहून, जाड कोट घालून ढब्बू आला. दाढी गुळगुळीत. जवानाने त्याची हनुवटी उन्हाकडे वळवली. कपाळ, गाल, हनुवटी, सगळं एकाच रंगाचं. डोंगरातले लोकही शिकलेत. आता आधी दाढी काढतात, उन्हात बसवतात, मग पाठवतात.

"साफ आहे. चल, ऊठ," जवान म्हणाला.

पण ढब्बू उठला नाही. आणि हे वजन त्याचं नाही हो! हाडं त्याची आहेत, मी ओळखते, पण कमरेभोवती काहीतरी जड आहे, माझ्या पाठीला कठीण लागतंय.

तेवढ्यात समोरून मालकाने पाहिलं. खांद्यावर टॉवेल, हाताला फेस, तसाच धावत निघालाय. "ढब्बू! दाढी काढलीस रे! अगं, बाहेर ये, पोरगा परत आला!"

पुन्हा तेच. पुन्हा हनुवटीच पाहिली त्याने.

"बाबा, तिथेच थांबा," ढब्बू म्हणतोय. "पुढे येऊ नका."

मालक हसतोय. त्याला वाटतंय, पोरगा अजून रुसलाय.

मला तोंड नाही, पाय असून चालता येत नाही. कसंही करून जवानाला सांगितलं तर तो गोळी घालेल, आणि उद्या माझ्यावर दुसऱ्या कुणाचा तरी ढब्बू येऊन बसेल. नाही सांगितलं तर ही सगळी रांग जाईल. काय करू मी? माझं ऐकणारं कुणी असलंच तर ऐका, या पोराला आजवर एकाच गोष्टीने परत आणलंय, आणि तो चाबूक नव्हता, रणगाडाही नव्हता.

मालक अगदी जवळ आलाय. ढब्बूचा उजवा हात माझ्या हातावरून उचलला गेला, कोटात शिरतोय, थरथरतोय, त्या दुपारसारखाच. मालक, दाढीचं बोलू नकोस. घरी चल म्हणू नकोस. जेवलास का, एवढंच विचार. लवकर विचार रे.