मधला दाणा

मुरुमच्या बाजारात शरणबसप्पांचं तुरीच्या खरेदीचं दुकान. सगळे त्यांना आप्पा म्हणत. पोत्याचं तोंड उघडून नुसते वरचे दाणे बघणारा माणूस आप्पांच्या लेखी बिनकामाचा. ते पोत्याच्या पोटात टोकदार नळी खुपसत, मधले दाणे तळहातावर घेत आणि मगच भाव बोलत.

तीन नातवंडांसाठी परवडणारी शाळा शोधतानाही त्यांनी हीच रीत धरली. पहिल्या शाळेला काचेचं दार होतं. पुढच्या बाकावरच्या पोरीनं इंग्रजी कविता धडाधड म्हटली.

"हे वरचे दाणे झाले. मधल्या बाकावरचं एक लेकरू उठवा की," आप्पा म्हणाले.

उठलेलं लेकरू आधी सरांच्या तोंडाकडं बघायला लागलं. आप्पांनी चपला पायात सरकवल्या.

दुसरी शाळा पत्र्याची, फी झेपणारी. तिथली मधल्या बाकावरची पोरगी सरळ म्हणाली, "मला भागाकार अजून जमंना. बाई उद्या परत शिकवणार हायत."

"ठरलं," आप्पा म्हणाले, आणि सोबत आणलेल्या नातवाला, गौरीशंकरला, त्यांनी पुढं केलं. त्यानं तीसपर्यंतचे पाढे न अडखळता म्हणून दाखवले. आप्पांची छाती फुगली.

मुख्याध्यापिका विमलबाईंनी अर्ज पुढं ओढले. "आप्पा, अर्ज तीन हायेत. हा थोरला झाला. मधलं लेकरू कुठंय?"

आप्पांनी उगाच टोपी सारखी केली. मधली महेश्वरी काहीबाही बोलून इभ्रत घालवील म्हणून ते तिला दुकानात, तुरीच्या पोत्यावर बसवून आले होते.