वाऱ्यावर उठणारा गोंडा

काझान्लक गावच्या बस आगारामागे म्हाताऱ्या नेद्याल्कोचं गाड्या धुण्याचं यंत्र होतं. मार्च सुरू होताच यंत्राला एक खोड लागली. गाडी भिजायची, ब्रश फिरायचे, फेस धुऊन जायचा आणि वाळवणीचे पंखे सुरू झाले की सगळं ठप्प.

दाराशी दोन खांबांवर समोरासमोर सेन्सर होते. एकाकडून दुसऱ्याकडे प्रकाशाची रेघ जायची. ती तुटली की गाडी बाहेर सरकतेय असं समजून यंत्र थांबायचं. म्हाताऱ्याने तीन दिवस काचा पुसल्या, तारा तपासल्या. वीज वाचावी म्हणून तपासताना पंखे तेवढे बंद ठेवले. बिघाड काही सापडेना.

त्याची मुलगी रालित्सा धास्तावली होती. नजर अधू होत चालल्यावर बाबाच म्हणाला होता, बिघाड सापडेनासा झाला की किल्ल्या तुझ्या, मी घरी बसेन. आई गेल्यापासून त्या घरात त्याच्याशी बोलायला रेडिओ तेवढा होता.

चौथ्या सकाळी बेकरीवाल्या स्पासची गाडी आत अडकली. "नेद्याल्को, तुझं यंत्र माझ्या सासूवर गेलंय," तो म्हणाला. "सगळं छान चाललेलं असतं आणि मध्येच रुसून बसतं."

बाबा त्याची समजूत काढत होता तेवढ्यात रालित्साला सेन्सरवरच्या नळीला लोंबणारा लाल-पांढरा लोकरीचा गोंडा दिसला. तिकडच्या रीतीप्रमाणे एक मार्चला सगळे मनगटाला बांधतात तसा बाबा यंत्रालाही बांधायचा; वर्षभर धडधाकट राहावं म्हणून. पहिला करकोचा किंवा फुललेलं झाड दिसलं की तो सोडून झाडाला बांधायचा, त्याआधी नाही. दरवर्षी भिंतीकडच्या पाण्याच्या नळीला. यंदा त्याची नळी चुकली होती.

तिचा हात गोंड्याकडे गेला आणि मागे आला.

"बाबा, लहानपणी तुम्ही मला शिकवायचात. बिघाड शोधायला सुरुवात कुठून करायची?"

"बिघाड होतो त्याच वेळी बघायचं. एरवी यंत्र काही सांगत..." तो थांबला. "पंखे लाव बघू."

तिने पंखे लावले. खांबाला नाक टेकेल इतक्या जवळ तो उभा राहिला. वाऱ्याने गोंडा उठला, काचेवर आला, सेन्सरचा पिवळा दिवा विझला आणि यंत्र थांबलं.

बाबाने गोंडा चिमटीत धरून चाचपला. मग खिशातून किल्ल्या काढल्या.

"त्या ठेवा आत," रालित्सा म्हणाली. "बिघाड सापडला ना तुम्हाला?"

"सापडला. पण केलाही मीच."

"करण्याबद्दल आपलं काही ठरलं नव्हतं."

म्हातारा हसला. "वकिलीण झालीस की. पण हा सोडायचा कसा? अजून करकोचा दिसला नाही की झाड फुललेलं दिसलं नाही."

ती त्याला कुंपणाजवळच्या आलुबुखाराच्या झाडापाशी घेऊन गेली. एकच कळी उमलली होती. त्याला ती दिसेना, तेव्हा तिने त्याचं बोट अलगद पाकळ्यांवर टेकवलं.

त्याने गोंडा सोडून आणला आणि त्या फांदीला बांधला. गाठीवर बोट तिने धरलं. तिकडे स्पास हॉर्न वाजवू लागला होता.

"पुढच्या वर्षी नळी तू दाखव," किल्ल्या खिशात टाकत तो म्हणाला. "गाठ मी मारीन."