चौथी सवारी

मित्रांनो, मी भिवंडीची एक म्हातारी रिक्षा. धामणकर नाका ते राहनाळ ही माझी वाट, आणि बारा वर्षांत तिच्यावरचा एकही खड्डा मला चुकलेला नाही. मीटर मला आहे हो, पण ते चालताना पाहिलेला माणूस अजून जन्माला यायचाय!

कारखान्यातून निघाले तेव्हा नव्या पत्र्याचा काय तोरा होता माझा! माझ्या मालकाने, केसरीनाथने मला घरी नेलं, नारळ फोडला आणि काचेवर आईचं नाव रंगवून घेतलं, 'हौसा'. दर गुरुवारी मला अंघोळ, अगरबत्ती, झेंडूची माळ. कुणी गादीवर पाय ठेवला की तो खेकसायचा, "ए बाबा, पाय खाली घे! गाडी हाय ती, धर्मशाळा न्हाय!" बायकोचं औषध आणायला एक वेळ उशीर होईल, पण माझं ऑइल वेळेवर. मी लाडावलेली होते, कबूल करते.

आता नीट ऐका. कायद्याने माझ्यात तीन सवाऱ्या. पण आमच्याकडे चौथी सवारी चालकाच्या शेजारी बसते, अर्ध्या मांडीवर, एक पाय बाहेर काढून. चौकी जवळ आली की चौथा आपणहून उतरतो, पायी पुढे जातो आणि पलीकडच्या गतिरोधकापाशी पुन्हा चढतो. त्याला काही सांगावं लागत नाही. पोलिसांनी विचारलंच तर सगळ्या चालकांचं उत्तर एकच, "साहेब, तीनच सवाऱ्या." खरं बोललं तर गाडी जमा होते ना!

एका हिवाळ्यात राहनाळच्या गोदामांमागच्या गल्लीत कमळ नावाची मुलगी मेलेली सापडली. गोदामात पॅकिंगचं काम करायची. सकाळच्या शिफ्टला निघाली ती पोहोचलीच नाही. खोके बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने कुणीतरी तिचा गळा आवळला होता. ती शेवटची माझ्यात बसली होती, मित्रांनो. उतरताना पदराने माझी ओली दांडी पुसून गेली होती.

तपासाला दोन तरुण फौजदार आले, दीक्षा मॅडम आणि मितेश साहेब. मॅडमनी केसरीनाथला विचारलं, "काका, कमळसोबत गाडीत कोण कोण होतं?"

केसरीनाथने माझ्याकडे पाहिलं. "तीनच सवाऱ्या, मॅडम. सगळ्या बायका."

"एकही पुरुष नाही?"

"न्हाय."

होता! पुढच्या सीटवर भाऊ होता. गोदामात खोके चढवणारा, चाळिशीचा, मऊ बोलणारा. सगळे त्याला नुसतं भाऊच म्हणायचे. बाई आली की लगेच उठायचा, "बसा ताई, तुम्ही मागं बसा. मी पुढं बसतो." माझ्या गादीवर त्याने कधी पाय ठेवला नाही. मला तो आवडायचा, आणि ते सांगताना आज माझी मलाच शिसारी येते.

वीस दिवसांनी त्याच गल्लीत, तशीच नेत्रा गेली. गरीब बायजाबाईची एकुलती एक लेक. ती दीपेशच्या रिक्षातून गेली होती. दीपेशही म्हणाला, तीनच सवाऱ्या. त्या दुपारी स्टँडवर केसरीनाथने त्याला बाजूला घेतलं. "तुझ्या गाडीत पुढं कोण व्हता रं?"

"भाऊ. का रं?"

"काय न्हाय. असाच इचारला."

त्या संध्याकाळी त्याने मला धुतलं. गुरुवार नव्हता. फडकं तो पुढच्या सीटवरच पुन्हा पुन्हा फिरवत होता, आणि मला कळलं की याला कळलंय. आता बोलेल, उद्या बोलेल, म्हणून मी वाट पाहत राहिले. तो बोलला नाही. भाऊ आला की "गॅस संपलाय" म्हणून त्याला टाळायला मात्र लागला. स्वतःची गाडी वाचवली, की झालं! भाऊ दुसऱ्या रिक्षात बसायचा. मग तिसरी मुलगी गेली, नुकतीच गावाहून आलेली.

पोलिसांनी चालकांनाही सोडलं नव्हतं. पण सवारी सोडून प्रत्येकजण लगेच रांगेत परतलेला, ते सगळ्यांनी पाहिलेलं. बायकांसोबत गाडीत पुरुष नव्हता, असं तिन्ही चालक शपथेवर सांगत होते, आणि वाटेत उतरलेल्या सवाऱ्या सापडत नव्हत्या. तेव्हा साहेबांनी ठरवलं की खुनी मागच्या माळावरून येऊन गल्लीतच दबा धरून बसतो. एका दुपारी दोघं फौजदार तो रस्ता बघून यायला माझ्यातून निघाले. इंजिनाच्या आवाजात केसरीनाथला काही ऐकू गेलं नाही. मला गेलं.

"उद्या तू नको उतरूस त्या गल्लीत," मितेश म्हणाला. "दुसऱ्या एखादीला पाठवू."

"त्या दुसरीला आई नाही का?"

मितेश तिच्याकडे सरकून म्हणाला, "मी घरी बोललोय. आपल्याबद्दल."

"मग?"

"आई म्हणाली, पोरीला रविवारी जेवायला आण. बाबा अजून काही बोलत नाहीत."

दीक्षा हसली. "येते की. बाबांनाही बोलतं करते. आधी हा माणूस सापडू दे."

तिने गादीवर त्याच्या हातावर हात ठेवला आणि राहनाळ येईपर्यंत काढला नाही. बारा वर्षांत किती सवाऱ्या वाहिल्या मी! पण इतकं जपून कुणाला न्यावंसं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या शिफ्टला तीन बायका बसल्या. एकीच्या तोंडाला ओढणी, हातात जुनी डब्याची पिशवी. केसरीनाथने ओळखलं नाही. चौकी ओलांडली, गतिरोधकाला मी हळू झाले, आणि धुक्यातून एक हात माझ्या दांडीवर पडला. भाऊ न विचारता पुढे चढून बसला.

"गॅस भरलास वाटतं आज," तो हसून म्हणाला.

केसरीनाथने नुसता गिअर टाकला. वाटेत दोघी उतरल्या. गल्लीच्या तोंडाशी ओढणीवाली म्हणाली, "काका, इथंच थांबवा." तो आवाज केसरीनाथने ओळखला. ती धुक्यात शिरली. भाऊ पुढच्या गोदामापाशी उतरला आणि दोन भिंतींमधल्या बोळाने मागे वळला. मितेश गल्लीच्या पलीकडच्या तोंडाशी, मोकळ्या माळावर नजर लावून बसला होता. या बाजूला कुणीच नव्हतं.

केसरीनाथने मला नाक्याकडे वळवलं. पळत होता, मित्रांनो! शंभर पावलं गेलो असू. मग त्याने करकचून ब्रेक दाबला. "केसऱ्या, अजून किती मारशील?" असं स्वतःलाच ओरडला आणि मला गर्रकन फिरवलं.

गल्ली अरुंद. भिंतींनी माझे दोन्ही पत्रे सोलून काढले. त्याने हॉर्न धरून ठेवला होता. समोर दीक्षा गुडघ्यांवर, तिच्या गळ्याला पट्टी, आणि मागे, माझ्या बाजूला, भाऊ, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही, खोका बांधताना असतो तसा. मी थेट त्याच्यावर गेले. तो भिंतीवर आपटला. हॉर्न ऐकून धावत आलेल्या मितेशने आधी पट्टी कापली, मग भाऊला बेड्या घातल्या.

"दीक्षा, श्वास घे. घे गं! रविवारी जेवायला यायचंय तुला."

तिने घेतला. कसाबसा, घरघरत, पण घेतला.

चार दिवसांनी पोलीस ठाण्याच्या आवारात केसरीनाथने जबाब बदलला. "चार व्हत्या सवाऱ्या. चौथा भाऊ व्हता."

गळ्याला पट्टा बांधलेल्या दीक्षाला नीट बोलता येत नव्हतं. तिने खरखरत्या आवाजात एवढंच विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"गाडी जमा झाली असती, मॅडम."

बायजाबाई जवळच उभी होती. ती केसरीनाथला ओलांडून माझ्यापाशी आली, माझ्या फाटक्या पत्र्याला हात लावला, मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"या डब्यापायी माझी नेत्रा गेली?"

केसरीनाथने खिशातली माझी किल्ली काढून मॅडमसमोर ठेवली.

आता मी पुरावा म्हणून इथंच गंजत उभी आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला इतकं जपलं, की त्यापायी कमळनंतर आणखी दोन पोरी गेल्या. उद्या तुम्हाला कुणी विचारलं, गाडीत किती जण होते, तर चार म्हणा. गाडी जाऊ द्या जमा, पण चार म्हणा.