दुसरा नंबर

“तीनपेक्षा जास्त तक्रारी असलेल्या सगळ्यांना उद्यापासून घरी बसवलंय,” साहेब म्हणाले. “तुझ्या रिपोर्टमुळे काम एका झटक्यात झालं.”

रिपोर्टवाला खूश झाला. इस्पितळाच्या ऑफिसात बसून संगणकातल्या नोंदी काढायला एसक्यूएलच्या क्वेरी लिहायच्या, आकडे आले की पाठवायचे आणि डबा उघडायचा, असा त्याचा खाक्या. नावं वाचण्याची तसदी त्यानं कधी घेतली नाही. आज कौतुक झालं म्हणून यादी उघडली, आणि घास तोंडातच राहिला. यादीत ताई होती. वॉर्डातली आया, त्याची सख्खी थोरली बहीण. तिच्याच पगारावर तो शिकला होता. तिच्यापुढे तक्रारी चार.

त्यानं मुळातल्या ओळी काढल्या. तक्रारी दोनच होत्या, पण प्रत्येक ओळ दोनदा आली होती. लोकांना फोन करून कळवता यावं म्हणून त्यानं तक्रारींना फोन नंबरांचा तक्ता जोडला होता; ज्याचे नंबर दोन, त्याच्या तक्रारी दुप्पट. मोजण्याआधी ओळी का वाढल्या ते बघा, असं हाच शहाणा नव्या पोरांना उठताबसता ऐकवायचा. ताईनं दुसरा नंबर त्याचाच दिला होता. मी नाही उचलला तर माझ्या भावाला लावा, असं मोठ्या अभिमानानं सांगून.

तो साहेबांकडे धावला. “साहेब, मोजण्यात चूक झाली. आयाबाईंच्या दोनच आहेत.”

“सही झाली आता. वर काय सांगू, आमच्या माणसाला मोजता येत नाही? मग यादीत तुझंही नाव घालावं लागेल. घालू?”

तो दारातूनच मागे फिरला. त्या क्षणी त्याला बहिणीपेक्षा नोकरी प्यारी वाटली, आणि हे त्याचं त्याला कळलंही.

संध्याकाळी घरी ताई युनिफॉर्मला इस्त्री करत होती. तिचा फोन बंद पडून चार्जिंगला लावलेला. तेवढ्यात त्याचा वाजला. “त्या उचलत नाहीत, म्हणून या नंबरवर केला,” ऑफिसातली बाई म्हणाली.

त्यानं फोन ताईकडे दिला.

“चार?” ताई म्हणाली. “मला तर दोनच आठवतात... बरं. बरं.” तिनं फोन परत केला.

“काय गं?” त्यानं विचारलं. होय, विचारलं.

“काढलं मला. तू तिथंच असतोस ना? मोजणाऱ्याला एकदा विचारशील?”

“विचारतो.”

ताईनं युनिफॉर्म उलटा केला आणि कॉलरवरून इस्त्री फिरवली.

“आता कशाला करतेस?”

“उद्या परत द्यायचाय रे. चुरगळलेला कसा देऊ?”