पखवाजावरचे पाढे

गावकऱ्यांनीही शाळेत शिकवायचं ठरलं, तेव्हा शाळा कमिटीचा अध्यक्ष असलेल्या गोकुळनं बापालाच गळ घातली. बद्रीनाथबुवा पडेगावच्या कीर्तनांत पखवाज वाजवत. नात प्रेरणा वर्गात असेल, या लोभानं ते आले. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावून त्यांनी तेराचा पाढा ठेक्यात बसवला, अन् अवघा वर्ग डोलू लागला. नात मात्र दिसेना.

दारात गोकुळ उभा होता, हातात तिचा शाळा सोडल्याचा दाखला.

"आरं, पोरगी कुठंय?"

"इंग्रजी शाळंत टाकली, बाबा."

"मग मला कशाला आणलंस रं?"

"लोकांची पोरं हायेत की इथं!"

"बुवा, आता चौदाचा!" पोरं ओरडली. बुवांनी ठेका धरला, पण पोरांच्या तोंडाकडं त्यांना बघवेना.