शंकामामांची शेवटची शंका

"कुणाचा विश्वास बसणार नाही," जिन्याच्या पायरीवर ऐसपैस बसत आजोबा शेजाऱ्यांना सांगू लागले, "पण एका नर्सबाईंना वीस मिनिटांत एकोणचाळीस वेळा अडवलं, तरी त्या जिंकल्या!"

झालं असं. लाकडाच्या वखारीत करवतीच्या घरघरीनं निम्म्या कामगारांचे कान अधू झालेले. नर्सबाईंनी मालकांच्या मागे लागून कानरक्षक आणवले. पण सहा महिने ते खोक्यातच! "आज कुणी घातले नाहीत, तर उद्या परत पाठवतो," मालकांनी बजावलं.

बाईंनी पडद्यावर दाखवायला चित्रं तयार केली आणि नेमकी वखारीची वीज गेली. पडदा काळा, करवत गप्प. बाईंनी तोंडीच सुरुवात केली.

"बंधूंनो, आपले कान..."

"मोठ्यानं बोला की! जेवला नाहीत का?" करवत चालवणारे म्हातारे मामा ओरडले. वखारीत त्यांना सगळे शंकामामा म्हणत.

"मामा, प्रश्न शेवटी विचारा."

"तोवर माझ्या लक्षात राहायला नको?"

हशा पिकला. बाईंनी आवाज चढवला, मामांनी त्याहून चढवला. बाईंना रडू फुटायचंच बाकी होतं. तेवढ्यात त्यांना दिसलं, मामा डावा कान त्यांच्याकडे वळवून, अगदी पुढे वाकून बसलेत. हा माणूस खोडा घालत नाहीये, याला काहीतरी खुपतंय!

बाईंनी हातातले कागद मिटले आणि स्टूल मामांच्या डाव्या बाजूला ओढलं.

"बोला मामा. आता मी मध्ये बोलणार नाही."

मामांचा आवाज एकदम खाली आला. "बाई, फळीत खिळा असला की करवतीचा आवाज बदलतो. तो मी ऐकतो, म्हणून या पोरांची बोटं शाबूत आहेत. कान झाकले, तर?"

"मला नाही ठाऊक," बाई म्हणाल्या. "तुम्हीच घालून सांगा."

मामांनी कानरक्षक चढवले, करवत सुरू केली, जुनी फळी सरकवली. दुसऱ्याच क्षणी त्यांनी करवत थांबवली. फळीत गंजका खिळा!

"अरे, घरघर गेली आणि खिळा तेवढा ऐकू आला! आणा रे ते खोकं!"

"तर मंडळी," आजोबांनी मांडीवर थाप मारली, "मध्ये बोलणाऱ्याला गप्प करू नका. खरी अडचण त्यालाच ठाऊक असते. आधी त्याचं ऐका, मग तो तुमचं ऐकेल!"

"आजोबा, पण..." वरच्या पायरीवरून नात म्हणाली.

"शू! मध्ये बोलू नकोस," आजोबा म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. "बरं, बोल बाई, बोल."

"वीज गेली होती ना? मग करवत चालली कशी?"