ताटावरचा हात

खडूचा तुकडा मुठीत घामानं मऊ झाला होता... वर्गावरून तशीच उठून आली होती कुंदाबाई, आणि आता धुळ्याच्या त्या मुलींच्या शाळेच्या कमिटीत, एकुलत्या बाईच्या खुर्चीत बसून, तो टाकावा कुठे हेही तिला सुचत नव्हतं. अध्यक्ष शालिग्रामभाऊ ठराव वाचत होते. मुलींची सातवी यंदापासून बंद. आणि कुंदाबाईंनी ती इतकी वर्षं नेटानं चालवली म्हणून त्यांना शालजोडी. दोन्ही एकाच ठरावात, गुळातून कडू गोळी द्यावी तसं.

सातवी बंद म्हणजे मुमताज घरी. रंगाऱ्याची पोर, बोटं कायम निळी, गणितात साऱ्या वर्गाच्या पुढे. बापानं सांगूनच टाकलं होतं, वर्ग आहे तोवर शाळा, नाहीतर ईद झाली की निकाह.

सकाळी तिनं इंग्रजी डिक्शनरीत एक शब्द काढला होता, कमिटीचे चिटणीस गिरधर वकील कोर्टातून येऊन मिरवायचे तो... डिमर. नम्रपणे हरकत घेणे. त्याच्याखाली जुना अर्थ, थांबून राहणे. काय देखणा शब्द. एवढी अदब, आणि तरी नाही म्हणजे नाही. साहेबाच्या मुलखात बायका असं म्हणत असतील, नि लोक ऐकूनही घेत असतील...

"कुणाची हरकत?" शालिग्रामभाऊंनी रिवाजापुरतं विचारलं.

"माझी... थोडी हरकत आहे, भाऊ."

टेबलाभोवती हसू पसरलं, अगदी मायेचं. "अहो बाई, शालीला कसला संकोच? तुमचा मानच आहे तो," असं म्हणत गिरधर वकिलांनी टाक शाईत बुडवला. "लिहितो, एकमतानं मंजूर."

तिच्या अंगाची लाही झाली. ही तर माहेरची, शिरपूरची पंगतच — आई नको नको म्हणायची, आणि वाढणारा खुशाल ताटात मांडा टाकून पुढे जायचा. "बाईनं 'नको' बठ्ठास्ले 'वाढा'च ऐकू येस, माय," आई हसून सांगायची, बाईचं नको साऱ्यांना वाढाच वाटतं म्हणून. पण एकदा, आजारातून उठल्यावर, तिला खरंच नको होतं तेव्हा ती बोललीच नाही. ताटावर पालथा हात पसरून बसली. वाढणाऱ्यानं सवयीनं कढत तूप ओतलं ते हातावरच, तरी हात हलला नाही... आणि मी, तिची लेक, इथं शब्द शोधत बसले आहे.

कुंदाबाईनं मूठ उघडली आणि ठरावाच्या कागदावर हात पसरला.

"शाल द्या नाहीतर राहू द्या. माझी हरकत सातवी बंद करायला आहे."

"बाई, हात..." वकील पुटपुटले.

"राहू दे तिथंच."

कुणी हसलं नाही. टाक अधांतरी राहिला, त्याच्या टोकावरची शाई वाळू लागली. शालिग्रामभाऊंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. ते आता काय म्हणणार, ठराव फिरणार की लांबणार, तिला ठाऊक नव्हतं. पण हात, खडूनं पांढरा झालेला, आईच्या हातासारखा रुंद, कागदावरून हलला नव्हता. ओता म्हणावं तूप, आई... मला भाजत नाही.